लढाई आणि भाकरी

[संगणकावर लढायांचे खेळ खेळणारा दिग्रसचा एक मुलगा आणि त्याचे नाना यांच्यातील हा संवाद आहे. मुलगा खेळातील लढाया सांगतो. नाना त्याला खऱ्या लढाया सांगतात.]

बुद्धिबळ हा खेळ तुम्हांला माहीत आहे. घरी तुम्ही त्याला शतरंज म्हणता. त्यात राजा असतो, वजीर असतो, हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी असतात. चौसष्ट घरांच्या पटावर दोन फौजा समोरासमोर उभ्या राहतात. आता असे युद्धाचे खेळ संगणकावरही खेळता येतात. त्यांत पटाच्या जागी एखाद्या देशाचा नकाशा असतो. आपण एक राज्य निवडायचे, कर गोळा करायचा, किल्ले बांधायचे, फौज उभी करायची आणि शेजारच्या राज्यांशी लढायचे.

दिग्रसच्या एका मुलाला असाच एक खेळ फार आवडतो. तो त्याच्या मामूंच्या जुन्या संगणकावर आहे. खेळाचे नाव ‘मेडीव्हल टोटल वॉर’. मेडीव्हल म्हणजे मध्ययुगीन. इंग्लंडमधील एका कंपनीने तो २००२ साली काढला. पुढच्याच वर्षी त्याला ‘व्हायकिंग इन्व्हेजन’ नावाची पुरवणी जोडली. या पुरवणीत इ. स. ७९३ ते १०६६ या काळातील ब्रिटन दाखविले आहे. मुलाने त्यात सॅक्सन लोकांचे राज्य निवडले होते.

सॅक्सन लोक मूळचे आजच्या जर्मनीच्या उत्तर भागातले. पाचव्या शतकाच्या सुमारास ते समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आले आणि तेथे शेती करून राहू लागले. त्यांचे दक्षिणेकडील राज्य म्हणजे वेसेक्स. नॉर्वे आणि डेन्मार्क या देशांतून व्हायकिंग लोक लांब होड्यांतून येत आणि ब्रिटनचे किनारे लुटून नेत.

एका रविवारी मुलाचे नाना घरी आले. नाना पूर्वी शाळेत इतिहास शिकवीत असत. चहा होताच मुलगा त्यांच्याजवळ येऊन बसला.

“नाना, काल मी तीन लढाया केल्या!” तो सांगू लागला. “पहिली टेकडीवर झाली. व्हायकिंग माझ्यापेक्षा जास्त होते. मी माझे भालेवाले माथ्यावर एका रांगेत उभे केले. त्यांच्या मागे तिरंदाज ठेवले. चढण चढता चढता व्हायकिंग दमून गेले. वरून बाणांचा मारा चालूच होता. ते अगदी जवळ आले, तेव्हा मी कुऱ्हाडवाल्यांना खाली सोडले. अर्ध्या तासात मैदान साफ!”

“शाबास! आणि दुसरी?”

“दुसरी पुलावर. नदीला एकच पूल होता. मी पुलाच्या तोंडाशी भालेवाले उभे केले. एका वेळी थोडेच शत्रू पुलावरून येऊ शकत होते. जे आले ते तिथेच अडकले. त्यांचा सरदार पडला आणि बाकीचे पळत सुटले.”

“आणि तिसरी?”

मुलगा जरा थांबला. “तिसरीत मी हरलो. माझा राजाच मारला गेला.”

“अरेरे! मग राज्य गेले?”

“नाही हो, नाना. लढाईच्या आधी मी खेळ जपून ठेवला होता. तो पुन्हा उघडला. राजा जिवंत! दुसऱ्या वेळी मी राजाला मागे उभे केले आणि जिंकलो.”

नानांना हसू आले. ते म्हणाले, “बेटा, टेकडी तू बरोबर निवडलीस. पूलही बरोबर धरलास. आता मला एकच सांग. तुझ्या फौजेने त्या दिवशी सकाळी काय खाल्ले होते?”

मुलगा गोंधळला. “नाना, ते तर संगणकातले शिपाई! त्यांचा खर्च दर वर्षी खजिन्यातून वजा होतो.”

“खर्च म्हणजे पैसे. पैसे चावून खाता येतात का?”

हा खेळ वाईट आहे असे नाना म्हणाले नाहीत, आणि तसे म्हणणे बरोबरही होणार नाही. टेकडी चढणारी फौज दमते, सरदार पडला की शिपायांचा धीर सुटतो, या गोष्टी त्या खेळात चांगल्या दाखविल्या आहेत. पण फौजेच्या भाकरीचे काय, हा प्रश्न मुलाला त्यापूर्वी कधी पडला नव्हता.

नाना म्हणाले, “तू सॅक्सनांचा राजा झालास ना? मग त्यांचा एक शब्द ऐक. इंग्रजीत धन्याला किंवा सरदाराला ‘लॉर्ड’ म्हणतात. हा शब्द जुन्या सॅक्सन भाषेतून आला आहे. त्या भाषेत ‘हलाफ’ म्हणजे पाव, म्हणजे त्यांची भाकरी. ‘हलाफवेअर्ड’ म्हणजे भाकरीचा रखवालदार. झिजत झिजत त्याचा ‘लॉर्ड’ झाला. जो आपल्या माणसांच्या भाकरीची काळजी घेतो, तो त्यांचा धनी.”

“मग त्यांचे राजे शिपायांना भाकरी देत होते?”

“शिपाई म्हणजे बहुतेक शेतकरीच. राजाजवळ कायमचे पगारी लढवय्ये थोडे असत. त्यांना हाउसकार्ल म्हणत. बाकी फौज गावोगावच्या शेतकऱ्यांची. आता विचार कर. सोयाबीन कापणीला आले आहे, पुढे कापूस वेचायचा आहे, आणि तुझ्या चाचांना कोणी सांगितले की दोन महिने नदीवर पहारा द्यायला चला. तर काय होईल?”

“चाचा जाणारच नाहीत!” मुलगा म्हणाला.

“गेले तरी मन शेतातच राहील. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्यासमोर हीच अडचण होती. ८७८ सालच्या जानेवारीत, ऐन थंडीत, व्हायकिंगांनी त्याच्यावर अचानक हल्ला केला. आल्फ्रेड थोडे लोक घेऊन दलदलीत जाऊन लपला. मे महिन्यात त्याने पुन्हा फौज जमविली आणि एडिंग्टन या ठिकाणी व्हायकिंगांचा पराभव केला. पण मला त्याची दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. पुढे त्याने शेतकऱ्यांच्या फौजेचे दोन भाग केले. एक भाग लढाईवर असे, तेव्हा दुसरा घरी शेती करी. मग पाळी बदले. त्यामुळे शेतही पडीक राहत नसे आणि सीमाही मोकळी राहत नसे.”

“हे माझ्या खेळात नाही,” मुलगा म्हणाला.

“तुझा खेळ कोणत्या साली संपतो?”

“१०६६ साली.”

“का संपतो, ठाऊक आहे? ऐक तर.”

नाना सांगू लागले.

५ जानेवारी १०६६ रोजी इंग्लंडचा राजा एडवर्ड मरण पावला. त्याला मूल नव्हते. दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्ड गॉडविनसन नावाच्या सॅक्सन सरदाराला राजमुकुट घालण्यात आला. पण त्या सिंहासनावर आणखी दोघांचा डोळा होता. एक नॉर्वेचा राजा हाराल्ड हारद्रादा. दुसरा समुद्रापलीकडच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम. एकाची स्वारी उत्तरेकडून येणार, दुसऱ्याची दक्षिणेकडून.

हॅरॉल्डने उन्हाळाभर दक्षिण किनाऱ्यावर शेतकऱ्यांची फौज बसवून ठेवली. विल्यम काही येईना. तो पलीकडच्या किनाऱ्यावर अनुकूल वाऱ्याची वाट पाहत होता. जून गेला, जुलै गेला, ऑगस्टही गेला. ८ सप्टेंबरला फौजेजवळचे धान्य संपले. पिके कापायचे दिवस होते. हॅरॉल्डने माणसांना घरी जाऊ दिले. शत्रूचा एकही शिपाई अजून दिसला नव्हता, पण किनारा मोकळा पडला.

थोड्याच दिवसांत बातमी आली, की हारद्रादा सुमारे तीनशे जहाजे घेऊन उत्तरेला उतरला आहे. हॅरॉल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग त्याला जाऊन मिळाला होता. २० सप्टेंबरला यॉर्क शहराजवळ फुलफर्ड येथे त्यांनी तेथील सॅक्सन फौजेचा पराभव केला. हॅरॉल्ड लंडनहून निघाला. लंडन ते यॉर्क हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे.

“तीनशे किलोमीटर म्हणजे किती?” नानांनी मध्येच विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, “दिग्रसहून निघून वाशीम, मेहकर, जालना करीत छत्रपती संभाजीनगर गाठायचे. साधारण तेवढेच.”

“एस. टी. नेसुद्धा दिवस जातो!” मुलगा म्हणाला.

“हॅरॉल्डची फौज तेवढे अंतर चार-पाच दिवसांत गेली असे मानतात. काही जण घोड्यावर, काही पायी. २५ सप्टेंबरला ती स्टॅमफर्ड ब्रिज येथे पोहोचली. ब्रिज म्हणजे पूल. तुझ्यासारखीच पुलावरची लढाई!”

मुलगा सरसावून बसला.

त्या दिवशी ऊन कडक होते. सॅक्सन इतक्या लवकर येतील असे नॉर्वेच्या लोकांना वाटले नव्हते. त्यांनी आपली चिलखते जहाजांतच ठेवली होती. धुळीचा लोट दिसला, मग त्यात भाले चमकू लागले, तेव्हा कोठे ते सावध झाले. अशी एक कथा सांगतात, की एकट्या कुऱ्हाडवाल्याने पूल अडवून धरला होता. कोणी त्याच्यासमोर टिकेना. शेवटी एक सॅक्सन टोपलीसारख्या होडीत बसून पुलाखाली गेला आणि त्याने फळ्यांच्या फटीतून वर भाला खुपसला. कथा खरी असो वा नसो, लढाईचा शेवट मात्र पक्का माहीत आहे. हारद्रादा पडला. टॉस्टिगही पडला. तीनशे जहाजांतून आलेल्यांपैकी जे वाचले, त्यांना परत जायला चोवीस जहाजे पुरली.

“म्हणजे सॅक्सन जिंकले!” मुलगा ओरडला.

“जिंकले. आणि तीनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, विल्यम दक्षिणेला पेव्हेन्सी येथे उतरला. किनाऱ्यावर त्याला अडवायला कोणी नव्हते.”

मुलगा गप्प झाला. खेळात एक डाव संपला की वर्ष पुढे सरकते. पण इथे एका राजाच्या नशिबाचा निकाल दोनतीन आठवड्यांत लागायचा होता.

हॅरॉल्ड तसाच मागे फिरला. दमलेली फौज घेऊन पुन्हा लंडन. तेथे काही दिवस थांबून जमतील तेवढी माणसे गोळा केली आणि पुढे हेस्टिंग्जकडे कूच केले. १४ ऑक्टोबरला त्याची फौज एका टेकडीवर उभी होती. ढालीला ढाल लावून सॅक्सनांनी भिंत केली होती. खाली विल्यमचे तिरंदाज, पायदळ आणि घोडेस्वार होते.

“टेकडी तर सॅक्सनांकडे होती!”

“होय. म्हणून तर लढाई सकाळी सुरू झाली ती अंधार पडेपर्यंत चालली. घोडेस्वार पुन्हा पुन्हा चढून येत आणि ढालींच्या भिंतीवर आपटून परत जात. पण एकदा नॉर्मन पळताना दिसले, तेव्हा काही सॅक्सन रांग सोडून त्यांच्या मागे खाली धावले. खाली सपाटीवर घोडेस्वारांनी त्यांना घेरून कापले. मग नॉर्मनांनी मुद्दाम पळण्याचे सोंग केले. भिंतीला भगदाडे पडू लागली. हॅरॉल्डचे दोन भाऊ, गर्थ आणि लिओफविन, पडले. शेवटी हॅरॉल्डही मारला गेला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला विल्यमने इंग्लंडचा मुकुट घातला.”

“त्यांनी पाठलाग केला नसता तर?”

“तर काय झाले असते, ते मी कसे सांगू? पण दमलेल्या आणि घाईने जमविलेल्या फौजेला दिवसभर एका जागी उभे ठेवणे सोपे नसते. हॅरॉल्डने आणखी थोडे दिवस लंडनमध्ये थांबायला हवे होते असे मला वाटते. पण विल्यमची माणसे त्याची स्वतःची गावे लुटत होती. ती हाक ऐकून कोण थांबेल?”

फ्रान्समध्ये बायो नावाचे गाव आहे. तेथे एक जवळजवळ सत्तर मीटर लांब कापडी पट जपून ठेवला आहे. त्यावर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी ही सारी हकीकत भरतकाम करून दाखविली आहे. त्यात घोडे आहेत, जहाजे आहेत, मेलेली माणसे आहेत. शिवाय एक गंमतही आहे. विल्यमची फौज किनाऱ्यावर उतरते आणि लगेच काय करते? शिपाई गावातली जनावरे पकडून आणतात, मोठ्या भांड्यात मांस शिजवितात, सळयांवर भाजतात आणि मग सारे जेवायला बसतात. लढाईचे चित्र काढणारालाही जेवण दाखविल्यावाचून राहवले नाही!

त्या पराभवानंतर इंग्लंडात सरदार आले ते फ्रेंच बोलणारे. शेते राखणारे मात्र सॅक्सनच राहिले. म्हणून आजही इंग्रजीत रानात चरणाऱ्या मेंढीला सॅक्सन शब्द आहे, ‘शीप’. आणि तीच मेंढी शिजून ताटात आली की तिला फ्रेंचमधून आलेला शब्द आहे, ‘मटण’. राखणारा एक आणि खाणारा दुसरा! तोच ‘मटण’ शब्द पुढे इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला आणि आता दिग्रसच्या बाजारातही रोज ऐकू येतो.

“नाना, आपल्याकडे अशी लढाई झाली का? भाकरीवर हरलेली?”

“कितीतरी. आपल्या वऱ्हाडाचेच बघ. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला लढविला. सुरुंगाने पडलेली भिंत तिने रातोरात पुन्हा उभी केली. किल्ल्यात हाल होतेच, पण बाहेर मोगलांच्या छावणीतही धान्य मिळेनासे झाले. शेवटी १५९६ मध्ये तह झाला. किल्ला वाचला आणि वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. पण भाकरीची खरी लढाई पाहायची असेल तर भातवडीची.”

भातवडी हे गाव अहमदनगरजवळ आहे. त्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. १६२४ साली तेथे मोठी लढाई झाली. निजामशाहीचा कारभार तेव्हा मलिक अंबरच्या हातात होता. हा मूळचा हबशाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला. नशीब त्याला दख्खनमध्ये घेऊन आले आणि हिमतीवर तो वजीर झाला. ज्या छत्रपती संभाजीनगरचे अंतर नानांनी सांगितले, ते शहर १६१० साली त्यानेच खडकी या नावाने वसविले होते.

मोगल आणि विजापूर यांच्या फौजा एकत्र होऊन त्याच्यावर चालून आल्या. मलिक अंबरजवळ माणसे कमी होती. समोरासमोर उभे राहणे परवडणारे नव्हते.

“बेटा, आपल्या अरुणावती धरणाची भिंत तू पाहिली आहेस. ती फुटली तर खालच्या शेतांचे काय होईल?”

“सगळा चिखल होईल!”

“आणि आपली काळी माती! पावसात दोन पावले टाकली की चपलेला शेर-शेर चिखल लागतो. मलिक अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी शिरले. तोफा, गाड्या, हत्ती, सारे चिखलात रुतले. त्यात पाऊस. बाहेर मलिक अंबरचे मराठे आणि हबशी स्वार फिरत होते. ते छावणीकडे येणारी रसद लुटत. समोर येऊन लढत नसत. रात्री हल्ला करीत आणि निघून जात. छावणीत धान्य महाग झाले, मग मिळेनासे झाले. माणसे उपाशी, जनावरे उपाशी. उपाशी शिपाई रात्रीच्या अंधारात निघून मलिक अंबरकडे जाऊ लागले, कारण तेथे खायला मिळत होते.”

“आणि मग त्याने हल्ला केला!”

“मग केला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. मोगलांचा लष्करखान आणि इतर सरदार कैद झाले. मोठी फौज मोडली.”

मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “मलिक अंबरकडची माणसे मेली नाहीत?”

“मेली. शहाजीराजे भोसले त्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढले. तेच, शिवाजी महाराजांचे वडील. त्यांचा धाकटा भाऊ शरीफजीही बरोबर होता. तो भातवडीला पडला. अहमदनगरला शाह शरीफ या अवलियांचा दर्गा आहे. मालोजीराजांनी त्यांच्या नावावरूनच आपल्या दोन मुलांची नावे ठेवली असे सांगतात. एक शहाजी, एक शरीफजी. भातवडीहून परतला तो शहाजी.”

शब्दार्थ

पुरवणी – नंतर जोडलेला भाग
माथा – टेकडीचा सर्वांत उंच भाग
हाउसकार्ल – सॅक्सन राजाजवळचा कायमचा पगारी लढवय्या
चिलखत – लढाईत अंगावर घालायचा लोखंडी पोशाख
कूच करणे – फौजेने पुढे निघणे
भगदाड – मोठे भोक
रसद – फौजेसाठी नेलेले अन्नधान्य
बांध – पाणी अडविण्यासाठी घातलेली भिंत
अवलिया – संत, फकीर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाने खेळात कोणाचे राज्य निवडले होते?
(आ) ‘लॉर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(इ) हॅरॉल्डने ८ सप्टेंबरला फौजेला घरी का जाऊ दिले?
(ई) मलिक अंबरने कोणते शहर वसविले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आल्फ्रेड राजाने फौजेचे दोन भाग का केले?
(आ) हेस्टिंग्जच्या टेकडीवर सॅक्सनांची भिंत कशी फुटली?
(इ) भातवडीच्या छावणीतील शिपाई मलिक अंबरकडे का जाऊ लागले?

प्र. ३. फौज, सरदार, रसद, तह, किल्ला, कूच हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एक-एक वाक्य तयार करा.

प्र. ४. कोण कोणास म्हणाले?
(अ) “पैसे चावून खाता येतात का?”
(आ) “त्यांनी पाठलाग केला नसता तर?”

उपक्रम : महाराष्ट्राच्या नकाशात दिग्रस, वाशीम, मेहकर, जालना आणि छत्रपती संभाजीनगर ही ठिकाणे शोधा. त्यांवर दोरा ठेवून अंतर मोजा. एवढे अंतर पायी जायला किती दिवस लागतील आणि एका माणसाला वाटेत किती भाकरी लागतील, याचा हिशेब घरातील मोठ्या माणसांना विचारून मराठीत लिहा.